दुसऱ्याच्या घरी उघडलेली शिदोरी

आठल्येसरांना मी शेवटचं भेटले ते नेरूळच्या एका हॉस्पिटलात. खिडकीजवळची खाट, नाकात नळी, मनगटाला पट्टी आणि एवढ्यातही चष्मा मात्र स्वच्छ पुसलेला. अशा वेळी आपण सगळे जे बोलतो तेच मी बोलले, "काळजी करू नका सर, काही अडचण येणार नाही. पुढच्या आठवड्यात घरी याल." त्यांनी उशीवरून मान जराशी उचलली आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "कुणाच्या घरी तपासून आलात?" त्यांच्या पत्नी शैलावहिनी शेजारी बसून सफरचंद चिरत होत्या. त्यांना हसू आवरेना, मलाही आवरेना... नर्सनं दारातून डोकावून पाहिलं, की या पेशंटच्या खोलीत चाललंय तरी काय. तो आठवडा पुरा व्हायच्या आत शैलावहिनींचा फोन आला. "वसुधाताई, सर गेले हो," एवढंच म्हणाल्या. बायकोनंही ज्यांना सरच म्हणावं, इतके ते सर होते. याला आता दीडेक महिना झाला. त्या खोलीत आम्ही दोघी का हसलो, ते लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात आहे.

मी काही त्यांची विद्यार्थिनी नव्हे. नव्वदच्या दशकात आमच्या नेरूळच्या घराच्या पुढच्या खोलीत मी डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. नवीन वसलेलं गाव, रोज कुणाची ना कुणाची वास्तुशांत, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. एका रविवारी दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे. इथल्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो म्हणाले. त्यांना फ्लॉपीवर चिकटवायची लेबलं छापून हवी होती. मजकूर त्यांनी तोंडीच सांगितला: वर मोठ्या अक्षरात 'शिदोरी', खाली 'तपासले : म. आठल्ये', आणि त्याखाली 'काही अडचण येणार नाही'. मी विचारलं, हे विकता का तुम्ही? तर म्हणाले, "छे! फुकट वाटतो." मी म्हटलं, "फुकट ते पौष्टिक, घेतील लोक." त्यांनी या थट्टेकडे साफ दुर्लक्ष केलं आणि लिनक्स म्हणजे काय ते मला समजावून सांगायला बसले. चहा दोनदा झाला. माझे यजमान, विलास, पेपर घेऊन आतल्या खोलीत पळाले.

सरांचं समजावणं अफलातून होतं. समोरच्याच्या ताटातलं उचलून ते त्यालाच वाढायचे. माझ्या टेबलावर त्या वेळी एका मंडळाच्या दिवाळी अंकाची पानं पडली होती. ती दाखवून म्हणाले, "हे बघा, कॉम्प्युटर चालवणारा जो मूळ भाग आहे ना, तो फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं लिहिला आणि जगाला वापरायला, बदलायला मोकळा सोडला. बाकीची हत्यारं आणखी कुणी कुणी लिहिलेली. म्हणजे लेख आहेत, लेखक आहेत, पण अंक नाही. सुरुवातीला ज्याला हवं त्यानं एकेक तुकडा गोळा करायचा आणि स्वतः जोडत बसायचं. मग काहींनी ठरवलं, आपण सगळं गोळा करू, क्रमानं लावू, चुका काढू आणि बांधून वाचकाच्या हातात देऊ. त्याला म्हणायचं डिस्ट्रिब्यूशन." मग रंगात येऊन पुढचा इतिहास. पहिल्या काही गठ्ठ्यांपैकी एकात इतक्या चुका होत्या, की वैतागून दुसऱ्या एकानं त्या दुरुस्त करून आपला वेगळा गठ्ठा काढला. तिसऱ्याला वाटलं, हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, स्वयंसेवकांनी मिळून करावं, म्हणून त्यानं आणखी वेगळा सुरू केला. मी म्हटलं, "म्हणजे सोसायटीच्या गणपतीसारखंच की. भांडले की दुसरा मांडव." सर मनापासून हसले. "अगदी तसंच! फक्त इथे भांडण झालं तरी मूर्ती दोघांनाही मिळते." हे वाक्य मी पुढे आमच्या सोसायटीच्या सभेत वापरलं. कुणाला काही कळलं नाही.

'शिदोरी' हा सरांनी स्वतः बांधलेला छोटा गठ्ठा. त्यांचा एक मेहुणा बोटीवर होता, त्यानं परदेशी मासिकाबरोबर आलेली सीडी आणून दिली होती. पण तेव्हा सीडीचा ड्राइव्ह होता कुणाकडे? विद्यार्थ्यांची जुनीपुराणी मशीनं, त्यात फ्लॉपी जाईल तेवढंच भाग्य. सरांनी त्या मोठ्या सामानातून गरजेचं तेवढं निवडलं, जड ते काढून टाकलं आणि डझन-दीड डझन फ्लॉपींत बसवलं. एक घालायची, ती संपली की मशीन पुढची मागायचं. आजच्या मुलांना हसू येईल, पण मोबाइलमध्ये बोट लावताच जे मिळतं त्याच्या मागे अशी माणसं होती, आपापल्या घरात बसून फ्लॉपी भरणारी. प्रत्येक फ्लॉपी भरून झाली की सर ती आपल्याच मशीनवर पुन्हा पूर्ण तपासायचे आणि मगच माझं लेबल लावायचे. लेबल लावलं की ते वाक्य खरं, असा त्यांचा साधा हिशोब होता.

तो हिशोब मोडला नरेश म्हात्रेच्या घरी. नरेश न्हावा शेव्याजवळच्या गावातला. वडिलांची मिठागरातली मजुरी संपलेली, घरात शिकलेला हा पहिलाच. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटर सांभाळायला माणूस हवा होता आणि तिथलं सगळं युनिक्सवर चालायचं. युनिक्स घरी शिकायचं म्हणजे त्याच वळणाचं, फुकट मिळणारं लिनक्स हाच रस्ता. कुणीतरी त्याला सरांकडे पाठवलं. सरांनी संच दिला आणि लेबलावरचं वाक्य तोंडानंही सांगितलं. आठवड्यावर मुलाखत आलेली. नरेशनं मामाकडून आणलेल्या मशीनवरचं होतं नव्हतं ते पुसलं आणि शिदोरी टाकायला घेतली. पहिल्या काही फ्लॉपी कुरकुरत का होईना, गेल्या. मग एक अडकली ती अडकलीच. जुनं पुसलेलं, नवं आलेलं नाही, मशीन नुसतंच काळा पडदा दाखवत उभं. सर स्कूटरवरून नवी फ्लॉपी घेऊन गेले. तीही अडली. घरी येऊन तपासली, तर चालते! दुसऱ्यांदा गेले, पुन्हा तेच. सरांनी नरेशच्या मशीनमधल्या, फ्लॉपी वाचणाऱ्या ड्राइव्हला दोष दिला. तेव्हा नरेशची आई पुढे आली. तिनं फ्लॉपी हातात घेतली, लेबल पोराकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "सर, तुमी मानूस चांगले हाव. पन तुमीच लिवलाय नं याव, काय अडचन येनार नाय? मंग ही काय हाय?"

सर तिथून थेट माझ्याकडे आले. चप्पल न काढताच आत आले, हे त्यांच्या हातून एरवी घडायचं नाही. "वसुधाताई, तुमच्या मशीनमध्ये या फ्लॉपी जरा बघू द्या." माझ्या मशीननं तीन घेतल्या, चौथी ओकली. पाचवी तर घेतलीच नाही. सर उभ्याचे खुर्चीत बसले. म्हणाले, "दोष माझ्या ड्राइव्हचा आहे." त्यांच्या ड्राइव्हमधला लिहिणारा-वाचणारा भाग केसभर सरकला होता. तो वाकडं लिहायचा आणि स्वतःचं वाकडं स्वतःला बरोबर वाचायचा. गिचमिड अक्षर लिहिणाऱ्यालाच लागावं, तसं. म्हणजे तपासणी झाली होती, अगदी काटेकोर झाली होती, पण जिथे चूक झाली तिथेच झाली होती. मला हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी मला दिसलं ते एवढंच, की हा माणूस नरेशच्या मशीनचा विचार करत नाहीये, आतापर्यंत वाटलेल्या सगळ्या संचांचा करतोय. "किती जणांनी माझ्या शब्दावर घरचं पुसून टाकलं असेल हो?" असं विचारलं त्यांनी मला.

मग त्यांनी माझ्याच मशीनचा ड्राइव्ह मागितला. मागितला म्हणजे काय, स्क्रू काढायला सुरुवातच केली. दुसऱ्या दिवशी माझी एक लग्नपत्रिका फ्लॉपीवरून छापखान्यात जायची होती. मी चिडले, चांगलीच चिडले. मुलीचा बाप दारात बसेल, त्याला तुम्ही तोंड द्या, म्हटलं. सर म्हणाले, देतो. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना कोकम सरबत देऊन त्यांनी तासभर असं काही बोलण्यात गुंतवलं, की पत्रिका राहिली बाजूला, जाताना ते शिदोरीचा संच मागून गेले. माझ्या ड्राइव्हवर लिहिलेला नवा संच घेऊन सर तिसऱ्यांदा नरेशकडे गेले आणि या वेळी देऊन परतले नाहीत. मशीनशेजारी बसून एकेक फ्लॉपी स्वतः घातली, शेवटची आत जाऊन पडद्यावर अक्षरं उमटेपर्यंत. नरेशच्या आईनं तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. सर सांगायचे, इतकी चविष्ट भाकरी आयुष्यात खाल्ली नाही, कारण ती खायचा हक्क आहे की नाही हे शेवटच्या फ्लॉपीपर्यंत ठरत नव्हतं. नरेशनं मुलाखतीपर्यंतचे सगळे दिवस त्या मशीनसमोर काढले. यार्डात त्याला घेतलं.

इथे कुणीही थांबला असता. सर थांबले नाहीत. सोमवारी भर वर्गात त्यांनी सांगितलं, की माझे संच खराब आहेत, चूक माझी आहे, ते परत आणा. जे विद्यार्थी नव्हते त्यांच्या घरी स्कूटरवरून स्वतः गेले. ऐरोली, दिघा, बेलापूर, पनवेल. बेल वाजवायची आणि म्हणायचं, "मी दिलेल्या फ्लॉपी खराब आहेत, बदलून घ्या." निम्म्या लोकांनी त्या उघडल्याही नव्हत्या. एकानं तर त्यांना सेल्समन समजून दार लावून घेतलं. ऐरोलीच्या एका साहेबांकडे शिदोरी चहाच्या कपांखाली ठेवायला वापरात होती. त्या साहेबांनाही सरांनी नवा संच दिला आणि वर बजावून आले, की हिच्यावर कप ठेवलात तरी चालेल, ही चांगली आहे. दिघ्याच्या एका चाळीत मात्र एक जण खरोखरच अडकला होता, लेथवर काम करणारा. त्याच्याकडे सर दोन संध्याकाळ बसून आले. शैलावहिनी म्हणायच्या, मुलगी दाखवायला इतके घरोघर फिरले नसते हे.

सरांनी स्वतःसाठी नवा ड्राइव्ह घेतला, माझा परत बसवून दिला आणि तेव्हापासून नियम झाला. लिहायचं सरांच्या घरी, तपासायचं माझ्या घरी. दर रविवारी सकाळी सर कापडी पिशवीतून फ्लॉपी घेऊन यायचे. विलास पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "आले सर परीक्षेला." लिहिणाऱ्यानं तपासणीच्या मशीनला हात लावायचा नाही, हाही सरांचाच कायदा. ते बाल्कनीच्या दाराशी वेताच्या खुर्चीत पाठ करून बसायचे. पोरगं आत पेपर लिहितंय आणि बाप फाटकाबाहेर उभा आहे, तसे. मी एकेक फ्लॉपी घालायची, तपासायची आणि शेवटी म्हणायचं, "उघडली सगळी." मग ते वळायचे आणि मग चहा. एखादी बिघडलेली निघाली, तर तिचं पत्र्याचं झाकण ते तिथेच ओढून काढायचे, कुणी चुकूनही पुन्हा वापरू नये म्हणून. लेबलाचा मजकूर त्यांनी बदलून घेतला. आता त्यावर 'तपासले : वसुधाताई, नेरूळ' एवढंच. खालचं वाक्य छापू नका म्हणाले, आणि माझ्या आठवणीत ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. माझी मात्र पंचाईत झाली. बेलापूरला बँकेत रांगेत उभी असताना एक तरुण विचारतो, "तुम्हीच का त्या वसुधाताई?" मला लिनक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि अर्ध्या नवी मुंबईत मी त्यातली जाणकार ठरले होते.

चार-पाच वर्षांत सीडी स्वस्त झाल्या, मोठमोठी डिस्ट्रिब्यूशन्स सहज मिळू लागली आणि शिदोरीची गरज संपली. मला वाटलं, सरांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "अहो, शिदोरी गाडीत बसेपर्यंतची. आता तिकडे पंगत मांडलीय, तर डबा कशाला धरून बसू?" पण रविवार सुटला नाही. ते काही ना काही तपासायला आणायचेच. कॉलेजच्या नोट्स, सोसायटीला लिहिलेला तक्रारअर्ज, एकदा तर लिंबाचं लोणचं. "घरी चांगलं लागतं, पण आमच्या जिभांचा काय भरवसा?" तक्रारअर्ज मी निम्मा खोडायचे. लोणच्याला मीठ जास्त होतं, तेही सांगितलं. विलास गेले त्या वर्षीही सर रविवारी येत राहिले. काही न आणता यायचे, वेताच्या खुर्चीत बसून चहा घ्यायचे आणि जायचे. त्या वर्षी मला कुणीतरी तपासून बघायला हवं होतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. इतकी नीट काळजी माझी दुसऱ्या कुणी घेतली नाही, आणि हे मी त्यांना सांगायला हवं होतं असं आता फार वाटतं.

सर गेल्यावर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी कॉलेजात सभा ठरवली. भाषणं नकोत, सरांची शिदोरी पडद्यावर चालू करून दाखवू, असं त्यांच्या मनात आलं. शोधाशोध सुरू झाली, तर शिदोरी कुणाकडेच नाही. सरांच्या घरची हार्ड डिस्क केव्हाच मेलेली. लोकांनी जपून ठेवलेल्या फ्लॉपींना खाडीच्या दमट हवेत बुरशी चढलेली. राहिला होता एकच संच, सरांच्या घरी शोकेसमध्ये, शैलावहिनींच्या काचेच्या हत्तींशेजारी. तो पहिला, वाकडा लिहिलेला संच, काचेच्या बरणीत बंद. शेजारी तो नतद्रष्ट ड्राइव्ह, रुमालात गुंडाळलेला. पाहुण्यांनी विचारलं तर सर सांगायचे, "ही माझी पदवी." त्या फ्लॉपी जगात फक्त त्याच ड्राइव्हला वाचता येणार होत्या. ज्यानं घात केला त्याच्यापुढेच आता हात जोडायची वेळ आली. आणि तो एवढ्या वर्षांनी फिरेल, याची काय खात्री? फ्लॉपी ओरखडून ठेवली, तर उरलेलंही जाणार.

नरेश आला. आता तो यार्डातल्या सगळ्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख आहे, केस पांढरे झालेत. "ताई, टेन्शन नका घेऊ, आमचे यार्डान एक जुना पीसी परलाय, तो आनलाय," म्हणत त्यानं सरांच्या टेबलावर सगळं मांडलं. ड्राइव्ह उघडून कापसानं, स्पिरिटनं पुसला, सुकलेलं ग्रीस काढलं, नवं लावलं. पहिली फ्लॉपी घातली. आतून असा काही खरखराट आला, की शैलावहिनी देवघराशी जाऊन उभ्या राहिल्या. नरेश पुटपुटला, "चल रं बाबा, एकदाच." आणि ती उघडली. मग दुसरी... दुपार सरेपर्यंत एकेक करत शेवटचीही. सगळी शिदोरी नरेशच्या मशीनमध्ये उतरली. त्यानं ती चांगल्या ड्राइव्हवरून नव्या फ्लॉपींवर लिहिली आणि मग मशीन बंद करून माझ्याकडे वळला. "चला ताई, आता तुमचे घरी."

माझं जुनं मशीन मी मोडीत काढलेलं नाही. का काढलं नाही, हे मुलाला कधी पटवता आलं नाही. नरेश माझ्यामागून आत आला, वेताच्या खुर्चीकडे त्यानं पाहिलं आणि तिच्यात न बसता शेजारच्या बुटक्या मोड्यावर पाठ करून बसला. मी एकेक फ्लॉपी घातली. शेवटची झाल्यावर मी सवयीनं म्हणाले, "उघडली सगळी." ज्यानं वळायचं तो माणूस वळला नाही... खुर्ची रिकामीच होती. नरेश मोड्यावरून उठला, त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मी चहा टाकला.

चहा घेताना तो म्हणाला, "ताई, सभेला संच ठेवायचाय. लेबल तुमीच छापा. तपासनाऱ्यात तुमचाच नाव टाका." मी मशीनसमोर बसले. माझं नाव टाइप केलं, बघितलं आणि पुसलं. मग नरेशनं सोबत आणलेल्या बरणीतल्या फ्लॉपीवरचं पिवळं पडलेलं लेबल समोर ठेवून ते होतं तसं उतरवून काढलं. शिदोरी. तपासले : म. आठल्ये. खालची ओळ आल्यावर बोटं क्षणभर थांबली, कारण ती छापू नका असं सरांनी मला सांगून ठेवलं होतं. पण आज ती शिदोरी दुसऱ्याच्या घरी उघडली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी ती ओळ छापली. काही अडचण येणार नाही.